शंकरपाळ्याच्या आकाराचा आवाज

पनवेल,
मंगळवार, कोजागिरी होऊन गेल्यावर

प्रिय किशोरी,

तुझी चिठ्ठी पोचली. चिठ्ठी कसली, नोटीसच ती. दिवाळीला दवाखाना बंद करते आहे, जागा शेजारच्या मेडिकलवाल्याला दिली, मग लेकीकडे, इराकडे पुण्याला जाईन, काळजी नसावी. आणि कारण काय, तर कान पार गेले, आता कुणाच्या छातीला स्टेथो लावून मी काय ऐकणार. माणगावची निम्मी पोरं जिच्या हाताखालून गेली, तिने आपला दवाखाना असा चार ओळींत मोडीत काढावा याचा मला इतका संताप आला की मी ती चिठ्ठी कमलाकरच्या अंगावर भिरकावली. तो माझा कंपाउंडर आहे म्हणून त्याने ती उचलून, घडी घालून, परत टेबलावर ठेवली. मी लग्न केलं नाही हे किती बरं झालं हे अशा वेळी कळतं. फोन लागला असता तर एव्हाना तुझ्याशी कडाकडा भांडून मोकळी झाले असते. पण वाजलेला ऐकू येत नाही म्हणून तू फोनच कपाटात टाकलास, आणि कानातलं मशीन डबीत. त्यातून माणसाचं बोलणं येत नाही, नुसता भांड्यांचा खडखडाट येतो असं तूच मागे लिहिलं होतंस. तेव्हा हे पत्र. छापील अक्षर बघून नाक मुरडशील. मुरड.

तुझ्या चिठ्ठीचं उत्तर मी देणार आहेच, पण आधी माझ्याकडची हकीकत ऐक. तुझं ठरलेलं आहे हे मला ठाऊक आहे, तुझं एकदा ठरलं की ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही, तरी ऐक.

पनवेल तू आता ओळखणार नाहीस. तू मागे आलीस तेव्हा करंजाड्याला नुसत्या इमारती उभ्या राहत होत्या. आता तिथे माणसं राहतात, माणसांना सर्दी-खोकला होतो, आणि ती माणसं रिक्षा करून माझ्याकडे येतात. जुने पेशंटही आहेत. ज्यांच्या आज्या शिरढोणहून एसटीने यायच्या त्यांचे नातू आता मोठमोठाल्या गाड्या घेऊन येतात आणि आमच्या गल्लीत अडकवून ठेवतात. मग कमलाकर औषधं द्यायची सोडून ट्राफिक सोडवत बसतो. दवाखाना मी रंगवून घेतला. खिडकीला नवीन ग्रिल लावलं, पण त्या वेल्डरने गज वाकडे बसवले, मधोमध बाक आलाय. मी त्याला बोलावून चांगलं खडसावलं. तो आपला फूटपट्टी लावून दाखवतो की सरळ आहेत. कमलाकरही त्याचीच री ओढतो. पुरुषांना एकमेकांचं काम नेहमी सरळच दिसतं.

आणि निनाद आला. डॉक्टर निनाद, मेडिसिनचा एम.डी., करंजाड्याला राहतो, सकाळी एका हॉस्पिटलात आणि संध्याकाळी माझ्याकडे. पुढे दवाखाना त्यानेच चालवायचा असं आमचं ठरलं आहे. मुलगा गुणी आहे, हाताला यश आहे, पण पहिल्या महिन्यातच कमलाकर माझ्याकडे गंभीर चेहरा करून आला आणि म्हणाला, मॅडम, डॉक्टर चांगले आहेत, पण सारखा मोबाईल. पेशंट बोलतोय आणि हे मोबाईलात बघतायत. खरंच होतं ते. एक आजोबा तर तपासणी अर्धवट टाकून बाहेर आले आणि सगळ्या वेटिंगला ऐकू जाईल असं म्हणाले, याला काय येत नाय, सगला मोबाईलला इचारतंय. झालं, गावभर झालं. आपल्याकडे डॉक्टरने कसं असावं हे तुला माहीत आहेच. नाडी धरावी, वर बघावं, हं म्हणावं आणि फर्रकन चिठ्ठी लिहावी. वर बघितलं तर विद्वान, खाली बघितलं तर अडाणी.

मी एकदा गुपचूप निनादच्या मागे जाऊन उभी राहिले. तर काय, त्या माणसाच्या गुडघ्याची गोळी त्याच्या ब्लडप्रेशरच्या गोळीशी भांडेल का, त्याच्या किडनीला झेपेल का, हे तो पडताळून बघत होता. औषधांची नावं घातली की फोन लगेच सांगतो, यांची जोडी जमत नाही म्हणून. आपल्या वेळी केवढं ते जाडजूड पुस्तक होतं आणि ते उघडून बघायची सोयच नव्हती, पेशंटसमोर पुस्तक उघडणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. सगळं डोक्यात ठेवायचं आणि देवावर हवाला. मी कमलाकरला हे समजावून सांगितलं, तर त्याने त्याच्या परीने उपाय काढला. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी झळकली. ‘डॉक्टर मोबाईलवर टाईमपास करीत नाहीत. तुमचेच काम करीत आहेत. – हुकुमावरून.’ हुकूम कुणाचा ते मला अजून कळलेलं नाही. पण पाटीने काम केलं. आता पेशंट स्वतःच मान वाकडी करून विचारतात, काय म्हणतो तुमचा मोबाईल?

आता गोदूबाईची गोष्ट. मला तुला खरी तीच सांगायची आहे.

गोदूबाई माझी फार जुनी पेशंट, शिरढोणच्या बाजूची. तरुणपणी मिठागरात डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या, भाताची लावणी केली, पोरं वाढवली. नातू हितेश आता बिल्डर आहे, आजीवर जीव टाकतो. तिच्या काळजात आवाज आहे हे मला केव्हापासूनच ठाऊक होतं, पण या उन्हाळ्यात तो एकदम करकरीत झाला. जिना चढला की दम, आणि एकदा देवळाच्या पायरीवर चक्कर येऊन पडली. छातीला स्टेथो लावला की महाधमनीच्या जागेवर असा खरखरीत आवाज, मानेपर्यंत चढत जाणारा, आणि दुसरा ठोका जवळजवळ नाहीसा. तुला वेगळं सांगायला नको. झडप दगड झाली होती. अशी माणसं बोलता बोलता जातात, किशोरी. मी तिला परोपरीने सांगितलं, निनादने सांगितलं, हितेश तर तिच्या पाया पडला. आता छाती उघडावी लागत नाही, मांडीतल्या नसेतून नवी झडप बसवतात. पण तिची बहीण मोठ्या दवाखान्यात बसून गेली होती आणि आडवी होऊन परत आली होती. गोदूबाई एकच वाक्य धरून बसली, मना तिकरं नेव नको रे, मी हितंच बरी हाय. उन्हाळा गेला, पाऊस गेला, आमची कुणाची डाळ शिजली नाही. प्रत्येक वेळी ती दवाखान्याच्या पायऱ्या उतरून गाडीत बसेपर्यंत मी दारात उभी राहायची, आणि मनात यायचं की मी हिला शेवटची बघतेय.

मग निनादने एक यंत्र आणलं. साबणाच्या वडीएवढं असेल. स्टेथोच्या चकतीऐवजी ते छातीवर ठेवायचं, ते आवाज उचलतं आणि फोनला पाठवतं. कानात हेडफोन घातला की ठोके असे ऐकू येतात जसे काही आपण त्या छातीच्या आतच जाऊन बसलो आहोत. गोदूबाई त्या संध्याकाळी नुसती गोळ्या न्यायला आली होती. निनाद म्हणाला, मॅडम, आधी तुम्ही ऐका. मी हेडफोन घातला आणि काय केलं सांग? डोळे मिटले. ज्याला ज्याला छाती ऐकायला शिकवलंय तो प्रत्येक डॉक्टर हेच करतो, हात छातीवर टेकला की पापण्या आपोआप खाली. मी आपली समाधी लावून तो खरखराट ऐकते आहे, तर निनाद माझ्या हाताला स्पर्श करून म्हणतो, मॅडम, डोळे उघडा. बघायचं आहे.

मी डोळे उघडले. फोनवर काळ्या पडद्यावर एक हिरवी रेघ चालली होती. मधोमध जरा धुरकट दिसत होतं म्हणून मी पदराने काच पुसली. निनाद म्हणाला, काच स्वच्छ आहे. मग मी मान थोडी वळवली आणि मला ते दिसलं. पहिला ठोका, एक छोटासा उंचवटा. मग रेघ बारीक होते, मग फुगत फुगत जाते, मध्यावर सगळ्यात रुंद, आणि परत निमुळती होत संपते. पुढे दुसरा ठोका, नावापुरता. पुन्हा पहिला ठोका, पुन्हा तो फुगवटा. कानात खरखर आणि डोळ्यांपुढे तिचाच आकार, दोन्ही एकदम, एका तालात. आणि तो आकार कुठला होता, किशोरी? शंकरपाळा. अगदी तू काढायचीस तसा.

मिरजेच्या वसतिगृहातला तो लाल कोब्याचा व्हरांडा तुला आठवतो ना? परीक्षा जवळ आली की आम्ही सगळ्या घोकंपट्टी करायचो आणि तू खडू घेऊन जमिनीवर बसायचीस. वॉर्डात ऐकलेला एकेक आवाज तू कोब्यावर काढायचीस. हा शंकरपाळा, ही चकली मोडल्यावर राहतो तसा तुकडा, ही नुसती खरवडलेली पट्टी. आम्ही हसायचो. ही मुलगी काळजाचा फराळ मांडून बसली म्हणायचो. सकाळी झाडूवाली आली की फराळ पुसून जायचा. आणि वॉर्डात तू एकटीच अशी होतीस जी डोळे मिटायची नाहीस. कान स्टेथोला आणि डोळे टक्क उघडे, पेशंटच्या मानेच्या शिरेवर. सर चिडायचे. डोळे मिट मुली, म्हणायचे, काळजाला रूप नसतं, नुसता आवाज असतो. तू नम्रपणे मान डोलावायचीस आणि डोळे उघडेच ठेवायचीस. आणि निदान तुझंच बरोबर यायचं, त्यामुळे आमची सगळ्यांची जळून खाक व्हायची, ते मी आज लपवत नाही.

सर असते तर मी तो फोन त्यांच्यापुढे धरला असता. रूप असतं हो सर, हे बघा.

मला रडू आलं, किशोरी. सगळा जन्म मी तो आवाज ऐकत आले. किती छात्या, किती पहाटेचे, किती शेवटचे ठोके. आणि तो मला कधी दिसला नव्हता. देवघरात रोज पूजा करावी आणि एक दिवस मूर्तीने पापणी हलवावी तसं झालं मला. भीती वाटली, आनंद झाला, आणि हात जोडावेसे वाटले. आपण ज्याला विद्या म्हणून मिरवतो तिच्या केवढ्या बाहेर केवढं काय काय आहे, आणि ते आता आपल्या या पनवेलच्या गल्लीत, बाहेर रिक्षावाले भांडत असताना, खिशातल्या फोनवर दिसतं.

आम्ही दोघं अशी खुळ्यासारखी फोनकडे बघत राहिलेली पाहून गोदूबाई तपासायच्या टेबलावरून उठून बसली. काय बगताव गो तुमी? म्हणाली. मना पन दावा. निनादने फोन तिच्या पुढे धरला. तिने चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला. यो माजा कालीज हाय? मी म्हटलं, हो, तुझंच. आन यो मदीच फुगतंय तो काय? मी झडप, धमनी असं काहीतरी सुरू केलं, तर हितेश मध्येच म्हणाला, आजे, खारीच्या बांधाचा दार अडकलाय. पुरा उघडत नाय. पानी जोरानं घुसतंय ना, त्याचा आवाज. तिला ते लख्ख कळलं. सगळा जन्म तिने भरतीचं खारं पाणी अडवणाऱ्या त्या बांधाची दारं उघडताना आणि बंद होताना बघितलेली. मग ती बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिली. कवापासून चालतंय यो असा? मी म्हटलं, तू आईच्या पोटात होतीस तेव्हापासून. आन कदी थांबला नाय? मी म्हटलं, नाही गं, एकदाही नाही.

गोदूबाईने फोन मांडीवर ठेवला, डोक्यावरून पदर घेतला आणि त्या फोनला, म्हणजे स्वतःच्या काळजाला, दोन्ही हात जोडून नमस्कार केला. म्हणाली, लावनीत राबला, मिठागरात राबला, पोरां झाली तवा राबला. आन मी याची कदी इचारपूस केली नाय. कमलाकर गोळ्यांची पुडी हातात घेऊन दारात तसाच उभा. मग ती हितेशकडे वळून म्हणाली, येवरा राबतंय त्यो, त्याला हातभार नको लावाया? गारी कार. म्हणजे गाडी काढ. जी बाई महिनोन् महिने आम्हा कुणाला बधली नव्हती ती आपल्या काळजाचं ऐकून उठली.

तिच्यासाठी चहा सांगितला होता. ती बशीत ओतून पीत होती तेवढ्यात निनादने तिचे दोन अंगठे एका छोट्या पट्टीवर ठेवायला लावले आणि फोनवर ईसीजी निघाला. ना जेल, ना वायरी, ना छातीला चिकटवायच्या त्या गार वाट्या. तो आणि ती आवाजाची रेघ मुंबईच्या हृदयरोग डॉक्टरांना गेली. चहा संपायच्या आत त्यांचं उत्तर आलं, उद्या सकाळी आणा, उपाशी नको. आपण पूर्वी चिठ्ठी लिहून पेशंट मुंबईला धाडायचो आणि त्या चिठ्ठीचं उत्तर पेशंट बरा होऊन किंवा न होऊनच कळायचं, ते मला आठवलं. तिची झडप बसली. तिसऱ्या का चौथ्या दिवशी तिने मला तिथल्या खाटेवरून व्हिडिओ कॉल केला. फोन कानाला लावून, त्यामुळे मी सगळा वेळ तिच्या कानातल्या कुडीशी बोलले. पण आवाज खणखणीत होता. जिन्याला आता मीच दम देतंय म्हणाली.

त्या दिवसापासून मला तूच सुचते आहेस. तू लिहितेस, स्टेथो लावून मी काय ऐकणार. अगं, पण आता ऐकायचं कुठे आहे? मी निनादला म्हटलं, आवाज बंद कर, नुसती रेघ ठेव. त्याने दोनचार पेशंटच्या साठवलेल्या रेघा एकामागून एक दाखवल्या. मला काही केल्या वाचता येईनात. मी कानाची, माझं सगळं शिक्षण कानातून. निनादला थोड्या वाचता येतात. त्या ॲपला तर वाटतं आपल्याला सगळंच येतं. करंजाड्याच्या एका बाळाची रेघ दिली, तर पठ्ठ्याने ‘दोष असण्याची शक्यता’ म्हणून लाल अक्षरं आणली. आई तिथल्या तिथे पांढरी पडली. मी हेडफोन लावला तर ते बाळ हुंदके देत होतं आणि हुंदक्याचीच रेघ उमटली होती. बाळ निजल्यावर पुन्हा घेतली, लोण्यासारखी साफ. यंत्राने उमटवून दिलं, ही त्याची थोरवीच, पण कुठली रेघ काळजाची आणि कुठली रडण्याची हे ओळखायला रेघांमध्ये वाढलेलं माणूस लागतं. माझ्या ओळखीत असं एकच आहे, आणि ते पुण्याला बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायला निघालं आहे.

तू म्हणशील, रेघ दिसेल गं, पण पेशंट काय बोलतोय ते कसं कळणार. तेही करून पाहिलं. फोन टेबलावर ठेवायचा, समोरचा बोलतो आणि मराठीत अक्षरं उमटत जातात, जशी सिनेमाच्या खाली येतात. मी कमलाकरला समोर बसवलं आणि म्हटलं, बोल काहीही. तो लाजत लाजत काल बायकोने केलेल्या कारल्याच्या भाजीवर बोलायला लागला आणि मी कान बंद करून, फोन डोळ्यांशी धरून वाचत गेले. मीठ जास्त झालं होतं पण मी बोललो नाही, इथपर्यंत सगळं उमटलं. गोदूबाईसारख्यांच्या बोलीला मात्र ते यंत्र गडबडतं. तिथे कमलाकर. ती बोलते, तो शहरी मराठीत पुन्हा बोलतो, फोन लिहितो, तू वाचतेस. जरा वळसा पडेल, पण पोचेल. मला सारखं नवल वाटतं की ही सगळी विद्या कुणी कुठे बसून जमवली असेल, त्याला तू माहीत नाहीस, माणगाव माहीत नाही, आणि तरी त्याने तुझ्यापर्यंत येणारा रस्ता बांधून ठेवला.

आता जे सांगायला मी इतकं लांबण लावलं ते सांगते. निनादने फोनच्या कॅमेऱ्याला लावायचं एक भिंगही आणलं आहे, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढायचं. डायबेटिसवाल्यांसाठी. सराव म्हणून त्याने आधी कमलाकरचा फोटो काढला. केशरी चंद्रासारखा दिसतो गं आतून माणूस, त्यावर शिरांच्या फांद्या. कमलाकरने तो बायकोला पाठवला. मग माझा काढला. एरवी निनादचं तोंड बंद नसतं. या वेळी त्याने फोटो बोटांनी मोठा केला, पुन्हा लहान केला. मग म्हणाला, मॅडम, आपण परत एकदा घेऊ या का? तो स्वर मला ओळखीचा होता, मी स्वतः तो किती जणांना लावला आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंतर नुसतं नाव सांगितलं. पडद्याचा मधला भाग झिजतोय, दोन्हीकडे, उजवीकडे जास्त. इंजेक्शनं सुरू आहेत. आहे ते कदाचित टिकेल, गेलेलं येणार नाही. खिडकीचे गज सरळ आहेत, किशोरी. मी वेल्डरला बोलावून त्याची माफी मागितली. मी डॉक्टर, आणि रेघ वाकडी दिसली तर वेल्डरला धरते. कडेकडेचं मला सगळं दिसतं, चालता-फिरता येतं, पण ज्याच्याकडे थेट बघावं नेमकं तेच पुसलं जातं. पेशंटचे चेहरे जायला लागले आहेत. लिहिताही येत नाही. हे पत्र मी तोंडाने बोलले आहे आणि फोनने लिहून घेतलं आहे. निनादने ते छापलं आणि कमलाकरने मला वाचून दाखवलं. वाचताना तो एका ठिकाणी थांबला होता.

तेव्हा तुझ्या चिठ्ठीला हे उत्तर. माणगावचा दवाखाना बंद करायचा तर कर. पण पुण्याला जाऊ नकोस, माझ्याकडे पनवेलला ये. इराला मी समजावते, ती माझं ऐकते. पेशंटची जबाबदारी निनादची, आपण दोघींनी त्याच्या शेजारी बसायचं. लोक म्हणतील एक बहिरी आणि एक आंधळी, म्हणू देत, पनवेलचे लोक याहून वाईट बोलतात. दिवाळी झाली की गोदूबाई दाखवायला येणार आहे. तिची नवी झडप कशी वाजते ते मी ऐकेन, ते मला अजून नीट ऐकू येतं. पण फोनवर तिची रेघ उमटेल तेव्हा मला मधोमध काही दिसणार नाही. तेव्हा माझ्या शेजारी बसून ती कशी दिसते हे मला सांगायला तू हवी आहेस. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही, आणि पुढेही. निनाद सांगेल, सगळे सांगतील, पण मला ते तुझ्या तोंडून हवं आहे. मी हे कुणालाच सांगितलेलं नाही, पण मी फार घाबरले आहे, किशोरी. तू ये.

तुझीच,
कुमुद